पासिंगच्या आधी

अंबाजोगाई रोडला, केजच्या बाहेर,
माझ्या शेडात टँकर उभा आहे.
टाकी उतरवून टायरांवर ठेवली,
उरली नुसती चेसिस.
गाडी उघडी पडली की वय लपत नाही.

सोमवारी पासिंग.
म्हारुद्र ड्रायव्हर म्हणला, काळं मारून दे, चकचकीत.
मी म्हणलं, गंजावर काळं मारलं
तर गंज आतून हसतो.

आधी हातोडी.
अर्ध्या पौंडाची, दांडा बाभळीचा.
इंचाइंचावर टाचकत जायचं.
चांगलं लोखंड ठणकन बोलतं,
सडलेलं थप्प म्हणतं,
ओल्या पोत्यावर मारावं तसं.
उजवा चॅनल शेवटपर्यंत ठण.
डावा तिसऱ्या क्रॉसमेंबरपर्यंत ठण.
मग थप्प.
मग माझं बोटच आरपार.

खपल्या पडायल्या,
करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या.
इलियासनं एक उचलून थर मोजले: सात.
तोंडाला गमजा, हातात तारेचा ब्रश,
दुपारपर्यंत भुवया तांबड्या, थुंकी तांबडी.
चहा आणणारं पोरगं म्हणलं,
उस्ताद, गुलाल कुणाचा? निवडणूक तर झाली की.

मी म्हणलं, म्हारुद्र,
आपल्याकडं पाऊस चार बोटं,
समुद्र तर कॅलेंडरावरच बघितलेला,
अन् तुझ्या गाडीला हा एवढा गंज, तोही एकाच जागी?

त्यानं तंबाखू मळली. लई वेळ मळली.
"व्हॉल्व्हचं वायसर गेलंय."
कधी?
"सतरा साली."

दहा रुपयाचं वायसर!

मग तो बोलला, तुकड्यातुकड्यानं.
खेपा गावाला मंजूर.
ढाकणवस्ती गावात धरत नाहीत,
नऊ घरं, कागदावर एकही नाही.
उताराच्या वळणाला पत्र्याचं हॉटेल,
उन्हाळ्यात तो तिथं चहा घेतो.
एकच. पण बशीत ओतून, फुंकून,
बशीतला परत कपात ओतून.
खाली घागरी सरकत राहतात.
कुणी काही बोलत नाही.
गाडी गळकी आहे, सगळ्यांना ठाऊक.
साहेबाच्या मोबाइलात टँकर ठिपका होऊन दिसतो,
ठिपका थांबला, ठिपका चहा प्यायला,
एवढंच दिसतं.

"सरूबाई म्हणायची,
गरम पिऊ नको रं लेकरा, जीभ भाजंल."

म्हायची, म्हणजे आता नाही का,
हे मी विचारलं नाही.
ब्रश उचलला.

सडकं कापलं. पाच एमएमची पट्टी,
शिलाई दोन्ही अंगानं, वरून ग्राइंडर.
बाकीच्या गंजाला ऍसिड पाजलं.
थोड्या वेळानं तो काळानिळा पडला,
वांग्याच्या सालीसारखा.
धुतलं, पुसलं, पंख्यापुढं वाळवलं.
रेड ऑक्साइडचे दोन हात.
त्या रंगात गाडी पुन्हा गंजल्यासारखीच दिसते,
नवखा माणूस घाबरतो.
एक रात्र जाऊ दिली.
मग काळा.

रविवारी संध्याकाळी म्हारुद्र आला,
टॉर्च घेऊन खाली घुसला,
पाय तेवढे बाहेर.
आतूनच आवाज आला, "वायसर बदललं का काय?"
इलियासनं माझ्याकडं बघितलं.
नवं वायसर सकाळपासून त्याच्या खिशात होतं.
मी मान हलवली, त्याला दिसेल अशी.
"नाही," इलियास म्हणला, "दुकान बंद होतं."

खाली बराच वेळ काही हललं नाही.
मग टॉर्च विझला.

पासिंगला टाकी रिकामीच जाते.

रात्री डबे झाकताना इलियासनं विचारलं,
सगळीकडं काळ्याचे दोन हात,
तिसऱ्या क्रॉसमेंबरच्या मागंच चार का?
मी ब्रश डिझेलात बुडवला.
म्हणलं, तिथं वापर जास्ती हाय.